पायरी, चार माणसांची

तिबिलिसीच्या जुन्या भागातल्या
टेकडीला पाठ टेकून बसलेल्या सतरा गल्ल्या
आमच्या वाट्याला आल्या.
माझ्याकडे मोजपट्टी, पाणसळ,
हिरवी, पिवळी आणि लाल पेन्सिल.
लामझिराकडे तिची खुर्ची,
डावं चाक कुरकुरणारं,
आणि मांडीवर कागदात गुंडाळलेले अक्रोड.

पहिल्याच कोपऱ्यावर वाकून मोजलं:
अठरा सेंटिमीटर.
ती म्हणाली, खोड ते.
ही पायरी दोन माणसांची आहे.
दोन माणसं थांबवावी लागतात, आणि त्यांना
कुठे धरायचं ते सांगावं लागतं.
औषधाच्या दुकानाची एका माणसाची,
तो उतावळा नसेल तर.
बँकेची चार माणसांची.
चौथा मिळेपर्यंत बँक बंद होते.

फॉर्ममध्ये माणसांचा रकाना नव्हता.
मी समासात लिहीत गेले.

भुयारी रस्त्याच्या जिन्यावर
दोन लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. हा म्हणे उतार.
पाणसळ ठेवली, तर बुडबुडा
एका टोकाला जाऊन बसला
आणि परत यायचं नाव घेईना.
हा कुणासाठी केलाय, मी विचारलं.
उद्घाटनासाठी, ती म्हणाली
आणि एक अक्रोड फोडला.

दुपारी गोचा आला, पांढरी काठी घेऊन.
त्याचा नकाशा आमच्याहून जाड:
उजव्या गालाला पावाच्या भट्टीची ऊब लागली
की अकरा पावलं, मग गळका नळ,
मग डावीकडे, जिथे आवाज अचानक रुंद होतो.
सोमवारी भट्टी बंद असते.
सोमवारी मी हरवतो, तो म्हणाला,
जसं कुणी सांगावं, की
सोमवारी मी बहिणीकडे जेवायला जातो.

फुटपाथवर एक पांढरी गाडी चढवलेली.
मालक म्हणाला, दोनच मिनिटं.
लामझिराने घड्याळ काढलं.
या कामात वाट बघणं
दोन्ही अर्थांनी चालतं.
आम्ही तिघांनी एकेचाळीस मिनिटं वाट बघितली.
गाडीखालच्या कुत्र्यालाही
शेवटी कंटाळा आला.

पायरी ओळखून राहावं, म्हणतात.
लामझिराइतकी पायरी ओळखणारं
मी कुणी पाहिलं नाही.
शाळेची फुटकी, देवळाची झिजून गुळगुळीत झालेली,
न्हाव्याची, जिच्यावर तो फळी टाकायचा
आणि फळीचं कपाट झाल्यापासून
नजर चुकवायचा.
प्रत्येकीची उंची तिच्या खांद्यांना पाठ.

संध्याकाळी तिची इमारत आली.
आत लिफ्ट, नाणं टाकल्याशिवाय न हलणारी.
नाण्याची पेटी भिंतीवर,
उभ्या माणसाच्या हाताला सोयीची.
तिने खुर्चीमागच्या पिशवीतून
लाकडी उलथनं काढलं.
टोकाला चीर, चिरेत नाणं खोचलेलं.
खुर्चीतूनच हात उंचावला, मनगट जरासं वळवलं,
खण्ण.
नऊ वर्षांची सवय.

मला इतकं कौतुक वाटलं
की हात हिरव्या पेन्सिलीकडे गेला.
तिने तो धरला.
उलथनं मोजू नकोस, म्हणाली.
ते माझं आहे. भिंत त्यांची.

मी लाल केलं.
जोर इतका लागला की टोक मोडलं.

वर चहा झाला, चेरीचा मुरंबा झाला.
निघताना मी सहज म्हणाले,
पुढच्या खेपेला माझ्याकडे.
ती कप गोळा करत होती.
वर न बघता तिने विचारलं,
किती माणसांचं आहे तुझं घर?

सतरा गल्ल्या सेंटिमीटरपर्यंत मोजलेली मी
तिच्या दारात उभी राहून
माझा रोजचा जिना आठवू लागले.
तळमजल्यावर एक वळण आहे.
कठडा आहे, बहुतेक डाव्या हाताला.
त्यापुढे काही आठवेना.